कॉन्फोकलची खंडेनवमी

“ताई, हिरवं थोडं कमी करा. डोळ्यांत घुसतंय,” सिदराम म्हणाला आणि मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

चार वर्षं हा मुलगा माझ्या मागे स्टुलावर बसून नेमकं उलटं मागत आला होता. ताई, थोडं वाढवता येईल का. ताई, अजून थोडं. आणि पडदा आपला काळा तो काळाच. आज त्याच पडद्यावर बाजरीच्या मुळाचा आडवा काप दिसत होता आणि कापाच्या मधोमध, मुळातलं पाणी वर नेणारे नळ असतात तिथे, पाच-सहा हिरवी कडी लखलखत होती. मी हिरवं कमी केलं. तरी ती ठळकच राहिली.

“बास. आता असंच राहू द्या,” तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, “सोमवारी समितीला हेच दाखवायचं.”

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात मी कॉन्फोकल सांभाळत असे. कॉन्फोकल म्हणजे लेसरने बघणारा सूक्ष्मदर्शक. साध्या सूक्ष्मदर्शकात नमुन्याची सगळी जाडी एकदम दिसते, म्हणून चित्र धूसर येतं. हा मात्र लेसरचा बारीक ठिपका ओळीमागून ओळ फिरवतो, आणि ज्या पातळीवर फोकस असेल तिथलाच उजेड आत घेतो. फोकस एक केसभर खाली उतरवला की खालचा पापुद्रा दिसतो. कांदा न कापता त्याचे पापुद्रे बघावेत तसं ते काम.

यंत्र संस्थेचं होतं, हे मी चारचौघांत कबूल करत असे. मनातून ते माझंच होतं. खोलीच्या दारावर मी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : चप्पल बाहेर, पाणी बाहेर, गप्पा बाहेर. मोठमोठे शास्त्रज्ञ मोजे घालून, तोंड मिटून आत येत. पाठीमागे पोरं मला हेडमास्तरीण म्हणत, आणि ते माझ्या कानावर पोचावं इतपत मोठ्याने म्हणत. फोकसचं मोटारीवर चालणारं बटण होतं, पण मी बाजूची बारीक चक्री बोटाने फिरवायची. बोटाला जे कळतं ते मोटारीला कळत नाही, असा माझा हेका होता. अजूनही आहे.

आणि या सगळ्या कडक शिस्तीत माझी एक पळवाट होती. खंडेनवमी. माझे वडील कराडच्या एसटी डेपोत फिटर होते. नवरात्राच्या नवव्या दिवशी ते पेटीतला एकेक पाना रॉकेलने धुऊन, पुसून, ओळीने मांडत आणि प्रत्येकाला हळद-कुंकू लावत. लहान म्हणून कुठलं हत्यार वगळायचं नाही, वर्षभर तेच जास्त राबतं, असं त्यांचं म्हणणं. डिप्लोमा करून मी पुण्यात आले, पाने गेले आणि लेसर आले, पण सवय गेली नाही. दर खंडेनवमीला कुणी यायच्या आत मी तबक घेऊन तळघरात उतरायची. यंत्राच्या पत्र्याच्या अंगाला हळद-कुंकवाचं बोट, डोक्यावर झेंडूचं एक फूल. मग खोक्यातले चिमटे, पाती, ब्रश, बाटल्या, सगळ्यांना एकेक ठिपका. भिंगाच्या आसपास मी हात नेत नसे. फूल संध्याकाळी उचलायचं, पत्रा पुसायचा, झालं. पाणी बाहेर अशी पाटी लावणाऱ्या बाईने हे करावं यात काही विसंगती आहे, असं मला कधी वाटलं नाही.

सिदराम कोळेकर हा जत तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. एरवी बोलणं अगदी पुस्तकी, पण घाबरला की त्याची भाषा जतला जाऊन येई. त्याचा प्रश्न साधा होता. जमीन वाळायला लागते तेव्हा मुळाला आधी कळतं, आणि थोड्याच वेळात वरची पानं अंग चोरतात. मग पाणी संपत आल्याचा निरोप मुळाकडून पानाकडे कोण नेतं? त्याचा संशय एका प्रथिनावर होता. ते प्रथिन नळात शिरून पाण्याबरोबर वर जात असणार, असं त्याला वाटे. म्हणून त्याने बाजरीत ते प्रथिन असं बदलून घातलं होतं की निळा लेसर पडला की ते हिरवं चमकावं. नळात हिरवं दिसलं की निरोप्या सापडला. चार वर्षांत ते एकदाही दिसलं नव्हतं. मार्चमध्ये त्याची शिष्यवृत्ती संपत होती. वर्षभराची मुदतवाढ द्यायची की नाही हे सोमवारी येणारी समिती ठरवणार होती, आणि मुदतवाढ नाही तर पीएच.डी. नाही, हे उघड होतं.

आणि त्या वर्षी, दसऱ्याला गावी जाऊन आल्यावर आठवड्याभरात, नळात हिरवं दिसलं. एकदा नाही, सलग सहा मुळांत.

त्याचे मार्गदर्शक डॉ. अच्युत फाटक. फाटकसरांना कुणी हसताना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी लगेच विचारलं की साक्षीची मुळं बघितली का, म्हणजे ज्यांत ते प्रथिन घातलेलंच नाही अशी साधी मुळं. मी गणपतीत बनवून, कडांना नेलपॉलिश लावून बंद करून ठेवलेल्या स्लाइड होत्या. त्या काढून बघितल्या. नळ काळेकुट्ट. म्हणजे हिरवं आलं ते प्रथिनाचंच. फाटकसरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, आणि संस्थेत ती बातमी हिरव्या नळांपेक्षा जास्त पसरली. सिदरामने घरी फोन केला. आईला काय कळलं कोण जाणे, पण तिने बिरोबाला नारळ वाढवून टाकला.

आता फक्त एक काम राहिलं होतं, आणि म्हणून शुक्रवारी दुपारी आम्ही तळघरात बसलो होतो. फाटकसरांना हिरव्या रंगाचा आलेख हवा होता.

ते जरा सांगायला हवं. फिल्टर म्हणजे रंगाची चाळण. आम्ही लावलेल्या चाळणीतून हिरव्याच्या आसपासचं सगळं पडायचं आणि पडद्यावर ते हिरवंच दिसायचं, मग मूळ रंग पोपटी असो की पिवळट. कुणी समितीत विचारलं की हे तुमचंच हिरवं कशावरून, तर उत्तर म्हणून आलेख लागतो. त्यासाठी यंत्राला सांगायचं की एकच चाळण न वापरता रंगाची एकेक पायरी चढत जा आणि प्रत्येक पायरीवर किती उजेड मिळतो ते मोज. वेळखाऊ काम. म्हणून तोवर कुणी केलं नव्हतं, आणि त्यात मीही आले.

मी मोजणी सुरू केली. सिदराम मागे बसून सोमवारी काय बोलायचं ते पुटपुटत होता. पायऱ्या संपल्या, पडद्याच्या कोपऱ्यात आलेख उमटला, आणि माझा हात चक्रीवरच राहिला.

त्या प्रथिनाच्या हिरव्याचा आलेख मी शेकडो वेळा पाहिला होता. तो सरळ चढतो, टोकाला जातो आणि पटकन उतरतो. हा तसा नव्हता. हा सुस्तपणे चढला होता, माथ्यावर पसरला होता आणि पिवळ्याकडे झुकून लांबवर रेंगाळत उतरला होता. मी पुन्हा मोजणी लावली. पुन्हा तेच.

“काय झालं?” सिदरामने विचारलं.

मी चक्री फिरवून फोकस मुळाबाहेर काढला आणि स्लाइडवरच्या मोकळ्या जागेत नेला. मुळाचा काप काचेवर ठेवताना त्याभोवती ग्लिसरीनचा थेंब घालतात, वर पातळ काच ठेवतात. म्हणजे आता आम्ही नुसत्या ग्लिसरीनमध्ये बघत होतो. तिथे काळोख असायला हवा होता. तिथे मंद उजेड होता. त्या उजेडाचा आलेख घेतला. तोच, माथ्यावर पसरलेला.

सिदराम स्टुलावरून उठून माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. तो हुशार होता, त्याला शब्दांत सांगावं लागलं नाही.

“उजेड मुळात न्हाई,” तो म्हणाला. “पाण्यात हाय.”

“ग्लिसरीनमध्ये. बाटली कुठे आहे?”

बाटली त्याच्या स्लाइडच्या डब्यातच होती. तपकिरी काचेची, टोपणाला ड्रॉपर असलेली. मी खोलीतला दिवा लावला, टोपण उघडलं आणि ड्रॉपर पांढऱ्या टिशूवर टेकवला. टिशूवर फिकट पिवळा डाग पसरला. टोपणाच्या आतल्या कडेला पिवळं वेटोळं चिकटलं होतं. मी टिशू नाकाशी नेला. वास घेण्याची गरज नव्हती खरी, मला आधीच कळलं होतं. हळद. निळ्या उजेडात हळद अशी चमकते की बघत राहावं. ग्लिसरीनमध्ये थोडं स्पिरिट असायचं, त्यात ती छान उतरते, आणि नळांच्या भिंती लाकडासारख्या असतात, त्यांना ती घट्ट धरते. गणपतीतल्या साक्षीच्या स्लाइड काळ्या का होत्या, तेही कळलं. तेव्हा बाटलीत हळद नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी खोक्यातल्या बाटल्यांवरून फिरणारं माझंच बोट मला दिसत होतं. खोटं कशाला सांगू, एक मिनिटभर माझ्या मनात आलं की टोपण लावावं आणि म्हणावं, यंत्र आज नीट चालत नाहीये, उद्या बघू. सोमवार निघून गेला असता. सिदरामला मुदतवाढ मिळाली असती. पुढचं पुढे. मग वडील आठवले. डेपोत एकदा त्यांनी एका गाडीचा ब्रेक चुकीचा बसवला होता, आणि ती गाडी फाटकातून बाहेर पडत असताना स्वतः धावत जाऊन थांबवली होती.

मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पूजा, तबक, प्रत्येक बाटलीला एक ठिपका, आणि पाणी बाहेर अशी पाटी लावणारी मी. शेवटी म्हटलं, “तुझी चार वर्षं माझ्या हळदीने पिवळी केली, सिदराम. सरांना मी सांगेन. तुझ्यावर येऊ देणार नाही.”

मला वाटलं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. तो बाटलीकडे बघत बसून राहिला, मग ती उचलली, स्लाइडचा डबा उचलला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. जाताना दार मात्र हळू लावलं, खोलीच्या नियमाप्रमाणे. मी यंत्र बंद केलं. झाकण घालताना पहिल्यांदा मला त्या यंत्राची लाज वाटली, म्हणजे माझीच.

शनिवारी साडेआठला मी तळघरात उतरले तर सिदराम दाराबाहेर उभा. चप्पल काढून बाजूला ठेवलेली. हातात तीच बाटली.

“ताई, तुमच्या पूजेत कुंकू असतं न्हवं?”

मी म्हटलं, हो, हळद-कुंकू दोन्ही. एकटी हळद कोण लावतं.

“मग टोपण बघा परत.”

मी टोपण उजेडाकडे धरलं. बाहेरून, आतून, कडेने बघितलं. पिवळंच होतं. लालाचा मागमूस नव्हता.

सिदरामने खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक घडी काढली आणि उलगडली. आत भंडारा होता, बिरोबाच्या देवळातला, भडक पिवळा. दसऱ्याला गावी गेला तेव्हा आईने दिलेला. आईला मूळ, नळ, प्रथिन काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की पोराला जे दिसायला हवं ते चार वर्षं दिसत नाही. तेव्हा तुझं जे हत्यार असेल त्याला हे लाव, म्हणाली होती.

“खंडेनवमीला ही बाटली तुमच्या खोक्यात नव्हतीच. वर फ्रिजमध्ये होती,” तो म्हणाला. “मी परत आलो तर तुमच्या यंत्रावर कुंकवाचं बोट दिसलं, पुसलं तरी खूण राहिली होती. वाटलं, सगळ्यांची पूजा झाली, माझ्याच बाटलीची राहिली. टोपण काढून चिमूटभर लावला. आत पडला आसंल. मला काल तुम्ही बोलायला लागला तेव्हाच कळलं, ताई. त्वांडातनं शब्द फुटला न्हाई. रात्रभर वाटत हुतं, तुम्ही म्हणताय तर म्हणू द्यावं.”

“मग का नाही म्हणू दिलंस?”

त्याने भंडाऱ्याची घडी पुन्हा बारीक केली. “देवाचं हाय ते,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या नावावर कसं घालू.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस फार वेडंविद्रं दिसतं, म्हणून मी पाटीकडे तोंड करून उभी राहिले. गप्पा बाहेर, असं त्यावर लिहिलं होतं आणि आम्ही बाहेरच होतो, तेवढं बरं होतं.

फाटकसर शनिवारी दहाला येत. आम्ही दोघं त्यांच्या खोलीत गेलो आणि दोघंही एकदम बोलायला लागलो. मी म्हणत होते की खोलीची जबाबदारी माझी, पूजेची प्रथा मी पाडली, मुलाने माझंच बघून केलं. तो म्हणत होता की बाटली माझी, भंडारा माझा, ताईंचा काही संबंध नाही. मी म्हटलं, साक्षीच्या जुन्या स्लाइड मीच काढून दिल्या, ताज्या बनवायला लावायला हव्या होत्या. तो म्हणाला, ते माझं काम होतं. फाटकसर चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो घातला आणि आमच्याकडे बघितलं.

“हळद कोणाची ते राहू द्या, निकमबाई,” ते म्हणाले. “कुठे लागलीय ते दाखवा.”

मला वाटलं सर चेष्टा करताहेत, पण ते कधी चेष्टा करत नसत. त्यांनी टेबलावरचं हिरव्या कड्यांचं चित्र पुढे ओढलं आणि बोट ठेवलं. “ही नळाची भिंत. इतकी स्पष्ट मी आजवर पाहिली नव्हती. चार वर्षं तुम्ही नळात काय आहे ते बघत होतात, पण नळ नेमका कुठे संपतो हेच अंधारात दिसत नव्हतं. आता दिसतंय. मग प्रथिन कुठे आहे ते यात शोधा. नसेल तर नाही म्हणून सांगू. समितीला ‘नाही’ असं उत्तर कमी वेळा ऐकायला मिळतं.”

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा खाली उतरलो. या वेळी मी हेडमास्तरणीसारखं काम घेतलं. चार प्रकारच्या स्लाइड, सगळ्या ताज्या. प्रथिनवालं मूळ हळदीच्या बाटलीतलं, प्रथिनवालं मूळ नव्या ग्लिसरीनमधलं, आणि साधी मुळं दोन्हींतली. स्लाइडवर नाव लिहायचं नाही, आकडे लिहायचे, आणि कुठला आकडा कशाचा ते फाटकसरांच्या खिशात. आम्हाला हवं तेच आम्ही बघू नये म्हणून.

मग रंग वेगळे करायचं काम. एकदा आलेख हातात असला की यंत्राला शिकवता येतं : हा उतार हळदीचा, हा सुळका प्रथिनाचा, आणि ही जी तळाशी मळकट पट्टी आहे ती मुळाची स्वतःची, कारण प्रत्येक मूळ थोडं स्वतःहूनही चमकतं. आजवर आमच्या रुंद चाळणीतून हे सगळं एकत्र पडत होतं. आता यंत्राने एकेक ठिपका निवडून वेगवेगळ्या ताटांत ठेवायला सुरुवात केली. मी हळदीला पडद्यावर पिवळा रंग दिला आणि प्रथिनाला हिरवा. एसीचा झोत फोकस हलवतो म्हणून एसी बंद केला. आम्ही दोघं घामाने निथळत होतो. मी श्वास धरून चक्री फिरवत पापुद्रा पापुद्रा खाली उतरत होते.

सतरा नंबरच्या स्लाइडवर आम्ही दोघंही थांबलो.

मधोमध पिवळी कडी, नळांच्या भिंती. त्यांच्या आत काही नाही, काळोख. आणि त्या सगळ्या कड्यांना मिळून, बाहेरून, एक बारीक हिरवं रिंगण. फिकट, पण अखंड. पिवळ्याला कुठेही न शिवणारं. मी फोकस पाच पापुद्रे वर नेला, दहा खाली नेला. रिंगण जागचं हललं नाही.

सिदराम पडद्याकडे वाकून म्हणाला, “आत जातच न्हाई ते. दारापातुर येतंय आन् उभं ऱ्हातंय.”

चार वर्षं आम्ही नळात डोकावत होतो आणि ते नळाच्या बाहेर उभं होतं. फिकट असल्यामुळे मुळाच्या स्वतःच्या मळकट उजेडात बुडून गेलं होतं, आणि दिसलं असतं तरी ते आत आहे की बाहेर हे भिंत दिसल्याशिवाय कोण सांगणार? निरोप्या घरात जात नव्हता. तो दारात उभा राहून निरोप दुसऱ्या कुणाच्या हातात देत होता. कोणाच्या, तो पुढचा प्रश्न. पण प्रश्न खरा होता, आणि तो सिदरामचा होता.

दुपारी फाटकसर खाली आले. चप्पल बाहेर काढून आले. खिशातला कागद काढून त्यांनी आकडे पडताळले. साध्या मुळांत कुठेही रिंगण नव्हतं. हळदीच्या बाटलीतल्या साध्या मुळांत नुसती पिवळी कडी. नव्या ग्लिसरीनमधल्या प्रथिनवाल्या मुळांत नुसतं हिरवं रिंगण, मधे काय आहे त्याचा पत्ता नाही. दोन्ही एकत्र दिसत होती ती फक्त प्रथिन आणि भंडारा दोन्ही असलेल्या स्लाइडवर. सरांनी कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला आणि सिदरामच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथे बराच वेळ होता. सिदरामला त्याचं काय करावं कळेना, म्हणून तो ताठ उभा राहिला.

सोमवारी समिती आली. मी चित्रं दाखवायला हजर होते. सिदराम आधी पुस्तकी मराठीत आणि मग पुस्तकी इंग्रजीत बोलला, एकदाही जतला गेला नाही. पहिला निष्कर्ष का चुकला तेही त्याने स्वतःच सांगितलं, बाटलीत बाहेरून रंग पडला असं. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी पिवळ्या कड्यांकडे वाकून बघितलं आणि इतकं छान रंगद्रव्य कुठून मागवलं म्हणून विचारलं.

फाटकसर अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, “जतहून.”

मुदतवाढ मिळाली. एका वर्षाची मागितली होती, दीड वर्षाची मिळाली. मी दारावरच्या पाटीखाली आणखी एक ओळ घातली, हळद बाहेर, आणि पुढच्या खंडेनवमीला तबक घेऊन गेले ते दाराच्या बाहेरच ठेवलं. पूजा उंबऱ्याची केली. यंत्र त्यामुळे रुसलं असं काही दिसलं नाही.

सिदराम आता एका कृषी महाविद्यालयात शिकवतो. तो निरोप पुढे कोणाच्या हातात जातो, हे त्याच्या विद्यार्थिनीने शोधून काढलं. मी निवृत्त झाले त्या दिवशी तो पुण्याला आला होता. भाषणं झाल्यावर बाजूला घेऊन त्याने माझ्या हातात ती तपकिरी बाटली दिली, रिकामी, टोपणाच्या कडेला अजून पिवळं वेटोळं असलेली. इतकी वर्षं ती त्याच्या टेबलाच्या खणात होती.

मला पुष्कळदा वाटतं, त्या शनिवारी तो गप्प राहिला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. मी ती चूक माझी म्हणून पत्करलीच होती. मी ती जन्मभर बाळगली असती, त्या यंत्रासमोर मान खाली घालून बसले असते, आणि टोपणावर कुंकू नाही हे माझ्या लक्षातही आलं नसतं. सत्तावीस वर्षांच्या त्या पोराकडे गमावण्यासारखं एक नावच होतं, आणि माझं ओझं हलकं करायला तो ते हातात घेऊन साडेआठला दारात उभा राहिला. संस्थेत मी बत्तीस वर्षं काढली, पण त्या सकाळी त्याने जपलं तितकं मला कुणी जपलं नाही.

खंडेनवमीला आता घरीच पाट मांडते. विळी, कात्री, शिवणाचं यंत्र, वडिलांचा एक पाना आणि शेवटी ती बाटली. सगळ्यांना हळद-कुंकू लावते. बाटलीला कुंकू लावत नाही. जतहून दरवर्षी पुडी येते, तिच्यातला चिमूटभर भंडारा तेवढा लावते. ती बाटली माझ्या पाटावर असली, तरी तिच्यावरची हळद सिदरामची आहे.